सोळावा नंबर

"सोळावा," सारमिदी म्हणाला आणि चवीसाठी कॉफीचा गाळ काडीने सिगारेटवर सारवू लागला.

गुंतुरचा लिहिता हात थांबला. फुटबॉलचे अठरा संघ, अठरा प्रशिक्षक. हंगाम मध्यावर आला की याच टपरीत बसून तिघं त्यांची क्रमवारी लावायचे आणि दुपारपर्यंत ती साप्ताहिकाच्या छापखान्यात जायची. गुंतुर संपादक, रेत्नो आकडे सांभाळणारी, आणि सारमिदी म्हणजे गावच्याच संघाचा जुना गोलकीपर. तो आज आपल्याच संघाच्या प्रशिक्षकाला, दानांगला, सोळावा टाकत होता. आता याला काय म्हणायचं?

"तब्येत बरी आहे ना तुझी?" गुंतुरने विचारलं.

"तब्येतीला काय धाड भरलीय? लागोपाठ दोन सामने हरलाय तो. म्हाताऱ्यांना खेळवतो, स्वतः बाकावर बसून पेंगतो."

"पेंगत नाही, बापाक. वहीत लिहीत असतो," रेत्नो म्हणाली. वडीलधारा म्हणून ती त्याला बापाक म्हणायची.

गुंतुरचा हिशोब नेहमी सरळ असे: ज्याच्या कपाटात चषक जास्त, तो वर. रेत्नोला ते कधीच पटलं नाही. राजधानीच्या संघासारखे महागडे खेळाडू दिले तर चषक कुणीही आणील; स्वस्तातल्या पोरांकडून कोण काय काढून घेतो ते बघा, असं ती म्हणायची. सारमिदीचं माप तिसरंच. आधी गोल खाल्ल्यावर संघ कसा खेळतो, तिथं प्रशिक्षक कळतो. जिंकताना काय, दगडसुद्धा शहाणा दिसतो. हे तो वीस वर्षं सांगत आला होता, आणि ऐकून ऐकून गुंतुरचे कान किटले होते.

रेत्नोने वही त्याच्यापुढे सरकवली. "तुमच्याच मापाने मोजलंय. दानांगचा संघ यंदा सात वेळा आधी मागे पडला. पाच वेळा त्याने सामना फिरवला. तुमच्या मापाने तो तिसरा येतो, बापाक. सोळावा कसा?"

"आकडे काय, वळवाल तसे वळतात."

गुंतुरने बाक पुढे ओढला. "पाणी कुठंतरी मुरतंय. कुणी जेवायला घातलं रे तुला? का दानांगने तुझ्या भाच्याला संघातून काढलं, त्याचा डूख धरलायस?"

"जीभ सांभाळ."

"मग सांग ना खरं काय ते."

सारमिदीने टपरीभर नजर फिरवली. भजी तळणाऱ्या बाईशिवाय कुणी नव्हतं. तरी त्याने आवाज खाली आणला.

"दोन वर्षांपूर्वी तू आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाला, बासुकीला, चौथा लावलास. आठवतंय? छापून आलं, आणि बाराव्या दिवशी राजधानीवाल्यांनी त्याला उचलला. आम्ही खालच्या गटात गेलो. वर्षभर आमच्या मैदानात बकऱ्या चरत होत्या. ह्या दानांगने आम्हाला परत वर आणलं, गुंतुर. ती मोठी माणसं तुझी यादी घेऊन बाजाराला निघतात, आणि वरची पाच नावं पिशवीत टाकतात." त्याने गुंतुरची वही बोटाने दाबून धरली. "हा पोरगा मला हवाय. त्याला वर नेऊ नका. खाली असला की कुणाची नजर जात नाही."

गुंतुरला हे पुरतं खरं वाटलं नाही, पुरतं खोटंही वाटलं नाही. शेवटी त्याने सोळा लिहिलं आणि यादी फोनवरून छापखान्याला धाडली. रेत्नोने वही मिटली. तिला पटलं नव्हतं.

थोड्याच वेळात हाजी मुनाविर आत आले. गावच्या संघाचे अध्यक्ष. तिघांशी हात मिळवून त्यांनी तो छातीला लावला, बसले, कॉफी सांगितली.

"आमच्या दानांगला कुठं बसवलंत?"

"सोळावा," सारमिदी झटकन म्हणाला. आपलं काम फत्ते झाल्याचं समाधान त्याच्या आवाजात लपत नव्हतं.

हाजींनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाबा. तीन दिवस जीव टांगणीला लागला होता माझा. दोन हारी झाल्यापासून समिती म्हणतेय, काढा त्याला. पत्रसुद्धा तयार आहे. मी म्हटलं थांबा, सारमिदी काय म्हणतो ते बघू. तो आपल्या गावचा माणूस, उगाच कुणाला खाली ओढायचा नाही."

सारमिदीच्या तोंडचं पाणी पळालं. "हाजी, तो तिसरा आहे."

"कोण?"

"दानांग. तिसरा. ह्या पोरीच्या वहीत बघा. कुणी पळवून नेऊ नये म्हणून मी मुद्दाम सोळावा म्हटलं."

"खरं आहे, हाजी," रेत्नोने वही उघडली. गुंतुरनेही मान हलवली.

हाजींनी वहीकडे बघितलंच नाही. ते तिघांकडे आळीपाळीने बघत होते, आणि ओठांवरचं हसू तसंच होतं.

"आत्ता सोळावा होता. मी त्याला काढायची गोष्ट केली, आणि तिसरा झाला. तोही तिघांच्या मताने." त्यांनी कॉफी ढवळली. "काय खाऊ घातलं दानांगने तुम्हाला?"

"अल्लाची शपथ, हाजी..."

"शपथ कशाला? सारमिदी, माझ्या मनातलं कळायच्या आधी तू जे बोललास, तेच मी खरं धरतो."

हाजींनी फोन काढला. घरच्या लेकराशी बोलावं तसा त्यांचा आवाज मऊ झाला.

"दानांग, सराव संपला की माझ्या घरी येऊन जा. छे, घाई कसली? आधी पोटभर जेव."