दुसरी फेरी

"मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही घरी नकार कळवाल?" पांगाऱ्याखाली थांबून ऋजुता एका दमात बोलून गेली.

तिला बघायला आलेल्या मुलाचा चेहरा उजळला. "मलाही नाही करायचं. पण बाबांसमोर माझी दातखीळ बसते. तुम्हीच कळवा ना."

"माझी मावशी मला फाडून खाईल."

तुम्ही आधी की मी आधी, यात वनोद्यानातली देशी झाडांची ती गोल पायवाट संपत आली. फाटकाशी दोन्ही घरची माणसं बसली होती. काहीच ठरलं नव्हतं, म्हणून दोघं पुन्हा पांगाऱ्याकडे वळले.

दुसऱ्या फेरीनंतर ऋजुता धीर करून पुढे झाली. "मावशी, मला..."

"कळलं गं. आवडल्याशिवाय कोणी दोन दोन फेऱ्या मारतं का?" म्हणत मावशीनं तिच्या उघड्या तोंडात पेढा कोंबला.