पायाळूचा पाय

"पालथ्या झोपा काकू. मान या अंगाले करा."

साधनानं चटई सरळ केली आणि बाईच्या पाठीवरून बोटं फिरवली. बाई तिवस्याहून आली होती. नाव सुंदराबाई, वय पंचावन्नच्या घरात. कंबरेत उसण भरली, उठता-बसता जीव जातो, असं तिनं दारातच सांगितलं होतं.

साधना दुपारपर्यंत अमरावतीच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस होती. कोणाची पाठ आखडली आहे आणि कोणाची नुसतीच थकली आहे, हे तिच्या बोटांना बरोबर कळायचं. घरी मात्र तिच्या बोटांना कोणी विचारत नसे. लोक यायचे ते तिच्या पायासाठी. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात ते पायाळू, आणि पायाळूचा पाय पाठीला तीनदा लागला की उसण पळते, हे इकडं कोणाला शिकवावं लागत नाही. दवाखान्यातल्या मॅडम या प्रकाराला हसायच्या. त्यांची स्वतःची कंबर धरली तेव्हा मात्र गुपचूप येऊन याच चटईवर झोपून गेल्या होत्या.

साधना अकोल्याच्या एका आश्रमात वाढली. आई कोण, बाप कोण, काही पत्ता नव्हता. आश्रमात येणारे-जाणारे तिला ‘पायाळू’ म्हणूनच ओळखायचे, आणि त्या एका शब्दावर तिचं नाव झालं होतं. नवरा नितेश एसटीच्या वर्कशॉपमध्ये, स्वभावानं गरीब. संसारात तसं काही उणं नव्हतं. पण दिवाळीला गल्लीतल्या बायका माहेरी निघाल्या की तिला घर खायला उठायचं. पाठ दाखवायला आलेल्या प्रत्येक वयस्क बाईला ती विचारायची, "लेकरं किती तुमाले?" बायकांना वाटायचं, पोरगी बोलकी आहे. साधनाला आई हवी होती, इतकं साधं होतं ते.

सुंदराबाईची पाठ मऊ लागली. कुठं गाठ नाही, ताठरपणा नाही.

"नेमकं कुठं दुखते?"

"इथंच. सगळीकडंच." सुंदराबाईनं मान न वळवता विचारलं, "तू इथलीच काय वं, बाई?"

"अकोल्याची. आश्रमात होती मी."

"वय किती तुहं?"

"चौतीस सरून राहिले."

साधनानं भिंतीला हात टेकवून उजवा पाय तिच्या कंबरेला लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लावायच्या आत सुंदराबाई उठून बसली. हात न टेकवता, कण्हल्याशिवाय. उसण भरलेलं माणूस असं उठत नाही.

"मले उसण-बिसण काही नाही भरली," ती म्हणाली. "खोटं बोलली मी."

साधना समोर बसली.

"माहे पयले मालक गेले तवा मी दिवसांत होती. पोरगी झाली. दहाव्या दिवशी भावानं अकोल्याच्या आश्रमात नेऊन देली. बारसंही नाही झालं. मग त्यानंच माहं दुसरं लगीन लावून देलं. दुसऱ्या मालकाले कधी कळू देलं नाही. आता तेही नाही राहिले." सुंदराबाईनं पदर सावरला. "परवा आश्रमात गेलती. जुनं कोणीच नाही तिथं. स्वयंपाकवाली म्हणे, इथली पाय लावणारी पोरगी अमरावतीले देली. मी म्हटलं, मंग माहीच. पायाळू होती वं ते. सुईण भ्याली होती. मी नाही भ्याली."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. सुंदराबाई पुढं सरकली.

"सांग नं बाई. तूच नं?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न साधनाला कोणी विचारला नव्हता. समोरच्या बाईच्या कपाळावर घाम होता, हात मांडीवर उघडे पडले होते. त्या हातांत जाऊन पडावं, एवढंच तिला वाटत होतं.

"हो माय," ती म्हणाली. "मीच."

सुंदराबाई मोठ्यानं रडली नाही. तिनं साधनाचे दोन्ही पाय ओढून मांडीवर घेतले आणि लहान लेकराचे चोळावेत तसे चोळत बसली. अंगठा, टाच, घोटा. चार वाक्यं बोलायची आणि पुन्हा चोळायची. तिचा एक मुलगा होता, शुभम. "त्याले सांगून ठेवलं मी, तुले मोठी बहीण हाये म्हणून. दिवाळीले तोच येइन तुले न्यायले. येशीन नं?"

"येईन."

"आठ दिवस राहाजो. मधातच पळू नको."

नितेश कामावरून आला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. साधना त्याच्याकडे पाहून हसली. बारा वर्षांच्या संसारात तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"आहो, हे माही माय," ती म्हणाली. "पायाळू पोरगी शोधत आली तिवस्याहून."

नितेश गोंधळला, पण वाकून पाया पडला. सुंदराबाईनं जावयाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तोंड धुवायला मागच्या मोरीत गेली. नळाचा आवाज सुरू झाला तसा तो साधनाजवळ सरकला.

"पण पायाळू तं ते प्रियदर्शनी होती नं? नऊ वर्षाची असतानी तापानं गेली ते? बाया येतच राहिल्या म्हणून आश्रमवाल्यायनं तिच्या जागी तुले उभं केलं, तूच सांगतलं होतं मले."

"हळू बोला," साधना म्हणाली. "माय ऐकन."