सुरक्षित पोचवले

"तुमची चिलखती गाडी मागे येणार असेल, तर मी पायीच जाते," सुईण इव्हरोझ म्हणाली.

शांतिसेनेचा कप्तान हसला. हैतीत येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते, त्यामुळे त्याला सगळंच कळत होतं. "मॅडम, तुमच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे."

"त्या वस्तीत अकरा वर्षं एकटी जातेय. साधा ओरखडा नाही."

"नशीब तुमचं," म्हणत तो गाडीत चढलासुद्धा.

वस्तीच्या तोंडाशी टोळीचा नाका होता. इव्हरोझनं आपली जीप थांबवून रोजची हाक दिली, "मान!" पाहुण्यानं दाराशी असं म्हणायचं आणि घरच्यानं "आदर!" म्हणून आत घ्यायचं. या दोन शब्दांच्या जोरावर ती इतकी वर्षं जिवंत होती.

नाक्यावर दिओफेन होता. त्याची जुळी तिच्याच हातांवर जन्मली होती. एरवी तो ओरडायचा, "आदर, मिस! आज कुणाच्या घरी रडारड?" आज त्यानं तिच्या मागच्या बंदुकांकडे पाहिलं, आडवी लावलेली पिंपं सरकवली आणि पचकन थुंकला.

"बघितलंत? कसं शेपूट घातलं!" कप्तान खूश झाला.

जिच्या बाळंतपणासाठी ती आली होती, त्या मॅग्दलाच्या पोटातलं मूल आडवं होतं. हॉस्पिटलशिवाय इलाज नव्हता. तिला धरून इव्हरोझ बाहेर आली, तर कप्तान कागद घेऊन उभा. "इथं सही करा. 'सुरक्षित पोचवले.'"

"आणि परत कोण नेणार?"

"आमची गस्त चारला संपते. परतीसाठी वेगळा अर्ज लागतो." कागदाची प्रत तिच्या हातात कोंबून तो वळला. मॅग्दलाला मागच्या सीटवर निजवेपर्यंत शूरवीर धूळ उडवत दिसेनासे झाले होते. असले रक्षक वैऱ्यालाही मिळू नयेत.

नाक्यावर पिंपं पुन्हा आडवी लागली होती. जीपमध्ये मॅग्दला गुरासारखी ओरडत होती. इव्हरोझ खाली उतरली.

"मान!"

कुणीच उत्तर दिलं नाही.

"दिओफेन, बाई मरेल रे! मान!"

दिओफेन पिंपावर बसून राहिला. "मान त्या बंदूकवाल्यांकडे मागा, मिस. आणि हातात काय आहे ते? वाचा की."

तिनं वाचलं.

पिंपांमागे हशा पिकला. एकही पिंप जागचं हललं नाही.