आबांचं उरलेलं काम

क्लाउडवरच्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर काही केल्या चढेना. "आधीच कुणीतरी काम करतंय," एवढंच सर्व्हर सकाळपासून तिला सांगत होता. कोण ते तिने शोधलं. नाव आबांचं होतं, ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाचं. गेल्या आठवड्यात छाती धरून "आलोच" म्हणत उठले, ते दवाखान्याच्या वाटेवरच गेले. काम अर्धवट टाकून उठणाऱ्याला एरवी तेच फैलावर घ्यायचे. "त्यांचं लॉगिन उडव, लगेच होईल," शेजारचा म्हणाला. ती आबांच्या टेबलाशी गेली. त्यांचा संगणक बंद करणं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं. कीबोर्डवर चष्मा तसाच होता. पडद्यावर त्याच इन्स्टॉलेशनचा प्रश्न ताटकळत होता: "पुढे जायचं? हो की नाही?" चष्मा अलगद उचलून तिने "हो" दाबलं. "झालं का गं?" साहेबांनी विचारलं. "झालं," ती म्हणाली, "आबांनीच केलं."