गुबूचं वाक्य

शर्विली नोकरीसाठी बंगळूरला निघाली होती. माळ्यावरून बॅग काढताना तिच्या आईच्या, सुनेत्राच्या, हाती जुना केसाळ गुबू लागला. घरात वारंवार कानावर पडणारं वाक्य हे खेळणं उचलायचं. आधी लोकांच्या त्याच्यावर उड्या पडल्या. पुढे तो पाहुण्यांसमोर घरची भांडणं बोलू लागला आणि घरोघरी माळ्यावर गेला.

सुनेत्राने कौतुकाने त्याचं पोट दाबलं.

"आई कधी येणार?" गुबू म्हणाला. पुन्हा दाबलं, तरी तेच.

"तू ड्यूटीवर असलीस की मी त्याला विचारायचे," शर्विली हसत म्हणाली.

"मग तो काय सांगायचा?"

"तोही हेच विचारायचा. मग आम्ही दोघं दारात बसायचो."

"आजचा दिवस राहा ना गं," सुनेत्रा एकदम म्हणाली.

"अगं आई, खाली टॅक्सी आलीय."