जंगलातून आलेली

"शोभाताईनं तुले आत बोलावलं," शेजारच्या मशीनवरची भीमाबाई म्हणाली आणि गोपिकाचा मशीनवरचा पाय थांबला. नुकतेच दोन पोलीस ताईंशी बोलून गेले होते.

कोराडी रोडवरच्या शोभाताईंच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवत. गोपिका दिवाळीनंतर तिथं लागली. गाव विचारलं की ती कुही सांगायची. खरं गाव गडचिरोलीच्या जंगलात होतं आणि त्याच जंगलात तिनं ऐन तारुण्यात नक्षल्यांच्या दलात बंदूक वाहिली होती.

मग तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडून होणारी वसुली आटली. बाजारातून येणारं तेल-मीठ, औषधं पोलिसांच्या नाक्यांवर अडू लागली. दल लढाईत हरण्याआधी उपासानं खचलं. गोपिकाची मैत्रीण तापानं फणफणली, तेव्हा बंदुकीच्या गोळ्या भरपूर होत्या. तापाची एक नव्हती. मैत्रिणीला माती देऊन गोपिका थेट पोलीस ठाण्यात शरण गेली.

शोभाताईंचा नवरा सुरुंगाच्या स्फोटात गेला, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. भीमाबाईनंच गोपिकाला बजावलं होतं, "तिकडंच गेला, गडचिरोलीत. ताईपाशी जंगलवाल्यायचं नाव काढू नको वं." तेव्हापासून गोपिका ताईंसमोर मान वर करत नव्हती.

ती आत गेली. शोभाताई चहा ओतत होत्या.

"बस वं."

"नाही ताई, जाते मी."

"काहून?"

"पोलिसांनी सांगितलं असंल ना."

"सांगितलं. पण तू काहून नाही सांगितलं?"

"काम पाहिजे होतं. अन् तुमच्या घरचं ऐकलं होतं." गोपिका दाराकडे सरकली. "तो सुरुंग मी नाही पेरला, ताई. पण आमच्याच लोकायनं पेरला."

शोभाताईंनी खिडकी ओढून घेतली. बाहेरून वीज केंद्राच्या राखेचा ट्रक धुरळा उडवत गेला.

"उद्यापासून कटिंगवर बस," त्या म्हणाल्या. "दोन नव्या पोरी येऊन राहिल्या. तुझ्यासारख्याच, जंगलातून आलेल्या. पोलीस त्यायच्यासाठीच आले होते. मी हो म्हटलं. त्यायले तूच शिकव."

गोपिका खाली बसली. कितीतरी दिवसांचं साचलेलं रडू फुटलं.

"आमच्या लोकायनं तुमचा माणूस मारला, ताई. अन् तुम्ही आमाले..."

"मारला कोणी?" शोभाताईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "सुरुंग तोच पेरून राहिला होता. त्याच्याच हातात फुटला."