हात लावायची खोली

"हात लावा, हात लावा! इथे सगळ्याला हात लावायचा," मडम म्हणाली.

आवडीने हात पाठीमागे धरले. तिच्या धाकट्या भावाने, धाऊने, मात्र लगेच आफ्रिकेच्या ढोलावर थाप मारली. हॉटेलांत उतरलेली सात-आठ मुलं हसली. ती केव्हाची खेळत होती. एकाने चिनी छत्री उघडली होती, एकीने बर्फाच्या मुलखातले केसाळ बूट घातले होते. माथेरानच्या आपल्या बंगल्यात मडमेने जगातल्या लोकांच्या वस्तू गोळा करून मांडल्या होत्या. दर रविवारी सकाळी ती मुलांसाठी ही खोली उघडायची.

त्यांचा बाप पोशा दारातच उभा होता. दोन्ही पोरांना घेऊन तो उजाडताच खालच्या ठाकूरवाडीतून चढायला लागला होता. तो ढोल बघायला आला नव्हता.

कोपऱ्यात लाकडाची एक बाई उभी होती. ठाकरणीसारखं गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर मोळी. गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ.

"बाईसाब," पोशा म्हणाला, "ती माळ माझ्या बायकोची हाय. न्यायला आलो."

"आठवते ना मला! गेल्या वर्षी ती जांभळं घेऊन आली होती. हिला पाहिलं आणि म्हणाली, बाईमाणसाचा गळा मोकळा ठेवू नये. स्वतःची माळ काढून हिला घातली." मडमेने त्याच्या मागे पाहिलं. "ती नाही आली?"

"मेली. आज बारावा दिवस."

मडम म्हणाली, "फार वाईट झालं." ते तिने मनापासून म्हटलं.

"आज तिला वाटंला लावायचं. तिची माळ पोरीच्या गळ्यात घालायची आन् जा म्हनायचं. नायतर ती दारातच बसून ऱ्हाते."

"दुसरी माळ नाही चालत?"

"दुसरीच्या माळंनं दुसरीच कोन तरी जाईल."

मडमेने मान हलवली. "पोशा, इथे आलेली वस्तू इथेच राहते. आज तुम्हाला माळ दिली, तर उद्या ढोलवाला येईल ढोल मागायला."

"त्याची बी बायको मेली आसंल," पोशा म्हणाला.

मडमेला ते कळलं नाही, किंवा कळलं असेल. तिने थोडा विचार केला आणि तिचा चेहरा खुलला. "पण घालायला कुठे नाही म्हणते मी? त्यासाठीच तर ही खोली. इथेच घाला तिला. झालं की परत ठेवा."

पोशाने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन माथ्यावर यायच्या आत हे व्हायला हवं होतं. त्याला वाटलं, माळ ओढावी आणि पोरांना घेऊन पळावं. पण याच मुलांच्या आईबापांचं सामान डोक्यावर घेऊन तो रोज हॉटेलात पोचवत होता.

तो आत आला. लाकडी बाईच्या डोक्यावरची मोळी त्याने खाली ठेवली आणि माळ काढली. मडमेकडे पाणी मागितलं. तिने ते काचेच्या पेल्यात आणून दिलं.

पोरीची पाठ मावळतीकडे हवी होती; मावळती कुठे ते त्या खोलीत त्याला कळेना. खिडकीतलं ऊन पाहून त्याने अंदाज केला, आवडीला गुळगुळीत फरशीवर बसवलं आणि तिच्या गळ्यात माळ घातली. धाऊला तिच्या शेजारी बसवलं.

"हाक मारायची नाय," तो हळूच म्हणाला.

आवडीने मणी दातांत धरले.

पोशाने ओंजळीत पाणी घेतलं आणि पोरांच्या मागे सोडलं. "पारू, तुझं होतं ते पोरीला दिलं. पोरं मी बघतो. तुझं आता इथं काय नाय. जा. मागं बघू नको."

ढोल थांबला होता. बुटांतली मुलगी एका पायावर उभी राहिली होती. पाणी फरशीवरून सरकत दाराकडे गेलं.

"बाबा, कुठनं गेली?" धाऊने विचारलं. पोशाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

एकदा घातलेली माळ पोरीच्या गळ्यातून काढायची नसते. पोशाने ती काढली. एक मणी आवडीच्या केसांत अडकला, तो त्याला सोडवता येईना. शेवटी तिनेच सोडवला. त्याने माळ लाकडी बाईच्या गळ्यात घातली आणि मोळी तिच्या डोक्यावर ठेवली.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

मडमेचे डोळे ओले झाले होते. ती पोशाजवळ आली. "मागच्या मुलांना नीट दिसलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा एकदा करून दाखवाल का?"

"आता नाय होत, बाईसाब," पोशा म्हणाला. "गेली ती."

मडमेने ते मुलांना इंग्रजीत सांगितलं. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.